श्वासाची वाद्यं : उंच सुरातला सॅक्स

आज चाव्यांची यंत्रणा उलगडायची होती. ती राहू द्या. गेल्या आठवड्यात सॅक्सच्या गळ्याबद्दल लिहिलं, ते वाचून सोलापुरातल्याच एका ब्रास बँडमधल्या वाचकाचा प्रश्न आला आणि आठवडाभर डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही. त्यांच्या आजोबांचा अल्टो सॅक्स घरात आहे. पॅड नवे बसवले, गंजलेल्या स्प्रिंगा बदलल्या, खालपासून वरपर्यंत सगळे सूर निघतात. ‘आवाज लई भरीव हाय ओ. पण कीबोर्डसंगं जुळंना. नवा घेतला तर जुळतोय, पण त्यात ती मजा न्हाई. जुन्यासारखाच नवा कुणी बनवून देईल का?’

मी फोनवर एवढंच विचारलं, की अनुक्रमांकाजवळ इंग्रजी ‘एच’ किंवा ‘हाय पिच’ असं काही कोरलंय का? कोरलेलं होतं.

म्हणजे वाद्य बिघडलेलं नाही. ते दुसऱ्याच सुरासाठी घडवलेलं आहे.

आज जगभर बहुतेक ठिकाणी पेटीची पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनांना लावतात. कीबोर्ड कारखान्यातून तसाच येतो. पण हा आकडा सर्वमान्य झाला तो १९३९च्या लंडन परिषदेनंतर. त्याआधी फ्रान्सनं १८५९मध्ये कायदा करून ४३५ ठरवला होता. इंग्लंडात सूर चढत चढत ४५२च्या पुढं गेला आणि ब्रिटिश पलटणींचे बँड त्याच उंच सुरात वाजत राहिले, थेट १९२०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत. अमेरिकेत काही बँड ४५७वर वाजत. हिशेबासाठी आपण ४५२.५ धरू. पेटीवर हा सूर कुठं येतो? पांढरी सहा आणि तिच्या पुढची काळी पाच यांच्या जवळजवळ मधोमध. तिथं पट्टीच नाही. कीबोर्डवाल्यानं एक पट्टी वर सरकून पाहिलं तरी जुळायचं नाही, आणि खाली राहूनही नाही.

हिंदुस्थानात बँडची वाद्यं आली ती पलटणींबरोबर. संस्थानिकांनी आपापले बँड उभे केले ते त्याच नमुन्यावर. कद्री गोपालनाथांनी पहिल्यांदा सॅक्स ऐकला तो म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये. घरी वडिलांचं नागस्वरम होतं, आणि तरी तो पितळी आवाज मुलाच्या मनात असा बसला की पुढं कर्नाटक संगीतात सॅक्सला जागा मिळाली. अशा बँडमध्ये सगळेच उंच सुरात असले की कुणीच बेसूर नसतं. क्लॅरिनेट, कॉर्नेट, युफोनियम, सॅक्स एकमेकांशी जुळवून मिरवणूक मजेत पार पडते. भांडण सुरू झालं ते गाड्यावर कीबोर्ड चढल्यावर. तो कुणासाठी खाली-वर होत नाही.

आता साहजिक उपाय कुणीही सुचवेल. माउथपीस बाहेर ओढा, नळी लांबेल, सूर उतरेल. बँडवाले रोज हेच करतात आणि पाच-दहा सेंटच्या फरकाला ते पुरतंही. (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग.) इथं जवळपास ४९ सेंट उतरायचंय. कागद-पेन्सिल घेऊन बसा, गंमत आहे.

अल्टोची सगळी छिद्रं बंद केली की आतला हवेचा स्तंभ साधारण सव्वा मीटर लांबीचा असतो. सगळी बोटं उचलली की तोच अर्ध्या मीटरहून थोडा जास्त उरतो, समजा ५२ सेंटिमीटर. ४५२.५वरून ४४०वर यायला प्रत्येक लांबी २.८ टक्क्यांनी वाढायला हवी. म्हणजे बोटं उचललेल्या सुराला १५ मिलिमीटर हवेत आणि सगळ्यात खालच्या सुराला ३५. माउथपीस ओढल्यानं मात्र सगळ्यांना सारखीच लांबी मिळते. १५ मिलिमीटर ओढा, बोटं उचललेला सूर बरोबर लागेल, पण खालचा सूर फक्त वीस-एकवीस सेंट उतरेल आणि तब्बल २८ सेंट चढाच राहील. ३५ मिलिमीटर ओढा, खालचा जुळेल आणि हा वरचा साठाहून जास्त सेंट खाली कोसळेल. तेही माउथपीस बुचावर टिकलं तर. एवढं ओढल्यावर ते बहुधा हातातच येईल.

त्यात आणखी एक खोच आहे. सॅक्सची नळी शंकूसारखी, पण शंकूचं टोक तिला नसतं, कारण टोकातून फुंकणार कसं? ते कापलेलं टोक माउथपीसच्या आतली पोकळी भरून काढते. आर्थर बेनाड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं हे फार नेमकं मांडलं : पोकळीचं घनफळ त्या हरवलेल्या टोकाएवढं असलं तरच दोन्ही सप्तकं एकमेकांशी जुळतात. माउथपीस बाहेर ओढलं की घनफळ वाढतं आणि वरचं सप्तक जास्त उतरतं. जुन्या माउथपीसची पोकळी मोठी, गोल असायची. जुन्या देहावर आजचं अरुंद पोकळीचं, कडक आवाजाचं माउथपीस बसवलं की निराळा घोटाळा होतो आणि लोक दोष आजोबांच्या सॅक्सला देतात. ‘एच’चा शिक्का नसलेल्या जुन्या सॅक्सबद्दल तक्रार आली तर मी आधी माउथपीसच बघतो.

सोलापूरच्या उन्हाचाही इथं थोडा हात आहे. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, सूर चढतो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या वेळी लावलेला सॅक्स मे महिन्याच्या दुपारच्या वरातीत चढा बोलतो. २२ अंशांवरून ४० अंशांवर गेलेली कोरडी हवाच नळीत असती, तर सूर पन्नास सेंट चढला असता. प्रत्यक्षात नळीत वाजवणाऱ्याचा श्वास असतो, तो बाराही महिने जवळपास सारखाच ऊबदार, म्हणून चढ त्याच्या काही अंशानंच होतो. आमच्याकडे मे महिन्यात बाहेरची हवा श्वासापेक्षा गरम असते, ही गोष्ट पॅरिसच्या कारागिराच्या ध्यानीमनी नसणार.

तर दुरुस्तीनं भागत नाही. मग दुसरा प्रश्न : तस्साच नवा घडवता येईल का?

कागदावर येतो, आणि हिशेब देखणा आहे. प्रत्येक माप १.०२८नं गुणायचं. नळीची लांबी, प्रत्येक ठिकाणचा व्यास, छिद्रांमधली अंतरं, छिद्रांचे व्यास, त्यांच्या कडांची उंची. शंकूचा उतार तोच राहतो. सगळं एकाच प्रमाणात वाढल्यामुळं आवाजाचं व्यक्तिमत्त्व जवळजवळ जसंच्या तसं अर्ध्या पट्टीनं खाली येतं. ‘जवळजवळ’ म्हणतो, कारण वाजवणाऱ्याचं तोंड आणि रीड काही २.८ टक्क्यांनी मोठं होत नाही. बोटांना फरक जाणवणारही नाही. दहा सेंटिमीटरला तीन मिलिमीटरसुद्धा नाही.

पण एवढ्यावर थांबणारा कारागीर मला अजून भेटायचाय. नवा देह करायचाच आहे, तर जुना अमुक सूर थोडा चढा होता तो सुधारू, तमुक सूर गुदमरायचा तो मोकळा करू, असं सुरू होतं. आणि इथंच पाय घसरतो. सूर उतरवायचा तर छिद्र खाली सरकवायचं किंवा लहान करायचं. मोकळा करायचा तर मोठं करायचं. उघड्या छिद्रांची रांग ही चाळणीसारखी असते. एका ठरावीक कंपनसंख्येच्या खालचे स्वरांश ती नळीत परत पाठवते, वरचे बाहेर जाऊ देते. ही सीमा कुठं पडते यावर आवाज गडद की झगझगीत हे बरंचसं ठरतं. छिद्रं मोठी आणि जवळजवळ असली की सीमा वर जाते, आवाज उजळतो. लहान आणि विरळ असली की आवाज मऊ, दाट. आजोबांच्या सॅक्सचा ‘भरीव’पणा आणि त्याचे रुसणारे सूर एकाच छिद्रांत राहतात. एकाला हात लावला की दुसऱ्यालाही लागला.

म्हणून जुन्याची नवी आवृत्ती करणाऱ्यानं आधी कागदावर लिहून काढावं की कुठले दोष ठेवायचे. सुधारणांची यादी मग करावी. वरच्या सप्तकात नेणारी चावी हे यातलं सगळ्यात जुनं उदाहरण. वरच्या सप्तकातल्या प्रत्येक सुराला नळीवर स्वतःची बारीक वाट हवी. प्रत्यक्षात सगळ्यांना मिळून दोनच असतात. सॅक्सचा जनक अडोल्फ साक्सनं १८४६चं पेटंट घेतलं तेव्हाही दोनच होत्या आणि आजही दोनच आहेत. आधी त्या दोन वेगळ्या चाव्यांनी उघडायच्या, नंतर यंत्रणा आपोआप निवड करू लागली, एवढाच बदल. ही तडजोड सगळ्यांनी मुद्दाम जपली आहे, कारण सॅक्सचा सॅक्सपणा थोडाफार तिच्यातही आहे.

पॅरिसच्या सेल्मर कंपनीनं स्वतःच्याच जुन्या वाद्यांच्या नव्या आवृत्त्या काढल्या तेव्हा नावातच साल घातलं. ‘रेफरन्स ३६’ हा टेनर १९३६च्या ‘बॅलन्स्ड अॅक्शन’ची आठवण, ‘रेफरन्स ५४’ ही १९५४च्या ‘मार्क सिक्स’ची. देहाचा कल जुन्याकडं, चाव्या आजच्या. ही वाटणी मला पटते. बोटांची सोय आजची असायला कुणाची हरकत असणार? तैवानमधल्या होउली गावाच्या परिसरात सॅक्सचे कारखाने एकाला एक लागून आहेत. तिथले काहीजण जुन्या अमेरिकन ‘कॉन’ वाद्यांसारख्या छिद्रांच्या कडा बाहेर वळवतात. ती कड पॅडला गादीसारखी बसते, दिसतेही झकास. आवाजात फरक पडतो म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तो छिद्राच्या मापाइतका कधी जाणवलेला नाही.

धातूबद्दल तर लोक देवळात शपथ घेतल्यासारखं बोलतात. जुनं पितळ, हातानं ठोकलेलं, चांदीचा मुलामा वगैरे. १९५३मध्ये टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये जॅझवादक चार्ली पार्करनं जो अल्टो वाजवला तो लंडनचा ‘ग्राफ्टन’ होता, देह अॅक्रिलिक प्लॅस्टिकचा. ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, डोळे मिटून ऐका. आतली हवा कुठल्या आकारात कोंडली आहे हे निर्णायक. भिंत कशाची हे त्याच्या कितीतरी मागून येतं.

त्यामुळं आमच्या वाचकाला माझा सल्ला असा. पितळी देह एकट्यासाठी घडवून घेणं परवडायचं नाही. शंकूचा पोलादी साचा आधी करावा लागतो, त्यावर पितळ ओढून नळी घडते, मग छिद्रांच्या कडा आतून गोळा ओढून बाहेर काढतात. एवढा खटाटोप शेकडो नग विकणाऱ्यालाच झेपतो. पण जुन्या देहाची मापं काढून, १.०२८नं गुणून प्लॅस्टिकमध्ये छापून घेणं आज अशक्य नाही. चाव्या बसवूच नका. छिद्रं मेणानं बुजवून एकेक उघडत जा आणि ट्यूनरवर सूर तपासा. सनईवाले छिद्रात मेण भरून सूर उतरवतात ते आपण पाहतोच. सॅक्स दुरुस्त करणारेही चढ्या छिद्राच्या वरच्या कडेला चंद्रकोरीसारखी पट्टी बसवतात, ते तेच काम.

सनईचा विषय निघालाच आहे तर सुंदरीबद्दल दोन शब्द. सोलापूरच्या जाधव घराण्याचं हे वाद्य. अक्कलकोटच्या दरबाराशी तिचं नातं सांगतात. सिद्राम जाधवांनी ती मैफलीत मानानं बसवली, पुढं चिदानंद आणि भीमण्णा जाधवांनी चालवली. दिसायला सनईच, पण लहान आणि उंच सुराची. कुळी सॅक्सचीच म्हणायची. शंकूची नळी, टोकाशी थरथरणारी पाती, फक्त इथं पाती दुहेरी. सनईला लहान केल्यावर आवाज सनईचा राहिला नाही. तो तीक्ष्ण झाला, चपळ झाला, तानेला हलका झाला. तो परत सनईकडं वळवण्याचा खटाटोप न करता त्या आवाजाला शोभेल असं वादन जाधवांनी उभं केलं. आजोबांच्या सॅक्सची नवी आवृत्ती केलीच, तर ती थोडी वेगळी निघेल याची तयारी हवी, असं मला सुंदरी ऐकताना नेहमी वाटतं.

तोवर तो जुना सॅक्स पॉलिशवाल्याकडं मात्र देऊ नका. बफ फिरवला की कोरीवकाम पुसतं, छिद्रांच्या कडा झिजतात आणि मापं घ्यायला काही उरत नाही. गळ्याचा आतला व्यास दोन्ही टोकांना, आणि देहाच्या वरच्या तोंडाचा व्यास, अशी तीन मापं व्हर्नियरनं दशांश मिलिमीटरपर्यंत घ्या. आणखी कुणाकडं ‘एच’ शिक्क्याचा अल्टो असेल तर त्यांनीही हीच तीन मापं कळवावीत; दोन-चार वाद्यांची मिळाली तर पुढं मागं शेजारी शेजारी छापीन. चाव्या पुढच्या आठवड्यात. १९३६मध्ये सेल्मरनं घंटेच्या चाव्या उजवीकडं का नेल्या, तिथून सुरुवात करू.