एका शब्दाची अनेक नाती

स्पेन देशात दोन मोटारी एकमेकींवर आदळल्या, की लोक त्या घटनेला ‘चोके’ म्हणतात. स्पॅनिश भाषेत ‘चोकार’ म्हणजे आदळणे. त्या क्रियापदापासून ‘चोके’ हे नाम झाले आहे. स्पेनप्रमाणेच मेक्सिको, पेरू, अर्जेंटिना इत्यादी देशांतही ही भाषा बोलली जाते.

मोटारीच्या पुढे व मागे जो बंपर असतो, त्याचे स्पॅनिश नाव ‘पाराचोकेस’ असे आहे. ‘पारा’ म्हणजे अडवितो आणि ‘चोकेस’ म्हणजे धडका. धडका अडवितो तो पाराचोकेस! जत्रेतील ज्या छोट्या मोटारी मुले मुद्दाम एकमेकींवर आदळवितात, त्यांना स्पेनमध्ये ‘कोचेस दे चोके’, म्हणजे ‘धडकेच्या मोटारी’, असे म्हणतात.

परंतु केवळ वस्तूच आदळतात असे नाही. दोन मते परस्परविरोधी असली, तरी त्यांचा ‘चोके’ होतो. परक्या देशात गेलेला मनुष्य तेथील चालीरीती पाहून गोंधळतो. त्या अनुभवाला ‘चोके कुल्तुराल’ म्हणजे संस्कृतीचा धक्का असे म्हणतात. उलट, दोन मित्र भेटले, की एक हात पुढे करून म्हणतो, ‘चोकाला!’ येथे भांडण नाही, ‘दे टाळी!’ एवढाच त्याचा अर्थ.

देश बदलला, की अर्थही बदलतो. ‘मे चोका’ असे स्पेनमधील मनुष्य म्हणाला, तर ‘मला हे विचित्र वाटते’ असा त्याचा अर्थ होतो. मेक्सिकोत मात्र त्याच शब्दांचा अर्थ ‘मला हे मुळीच आवडत नाही’ असा होतो. माद्रिदच्या पाहुण्याने मेक्सिकोतील यजमानाच्या घरी हे शब्द सहज उच्चारले, तर यजमान बिचारा दुखावला जाईल!

वैद्यकातील ‘चोके’ तर निराळाच आहे. तो इंग्रजी ‘शॉक’ या शब्दावरून आला. म्हणून १७१३ साली स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीच्या कोशात त्याची नोंद स्वतंत्र केलेली आढळते. या अवस्थेत रक्तदाब फार उतरतो, शरीराच्या अवयवांना पुरेसे रक्त मिळत नाही आणि प्राणावर बेतते. काही जणांना मधमाशीच्या दंशानेही असे होते. अशा रुग्णाच्या कागदावर ‘चोके’ हा शब्द वाचून त्याला मोटारीची धडक बसली, असे भाषांतरकाराने लिहिले, तर केवढा अनर्थ होईल!

मराठीतील ‘धक्का’ हा शब्दही असाच आहे. गर्दीत अंगाला धक्का लागतो, वाईट बातमीने मनाला धक्का बसतो, उघड्या तारेला हात लावला तर विजेचा धक्का बसतो. आणि मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर तर बोटी लागतात! तरीही मराठी माणसाचा गोंधळ होत नाही. कारण शेजारचे शब्द त्याला वाट दाखवितात. परकी भाषा शिकणाऱ्यानेही कोशातील पहिलाच अर्थ उचलू नये. शब्द कोणाच्या संगतीत आला आहे, हे आधी पाहावे.