धम्मदेसना आणि व्यासपीठाची सिद्धता

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात आपल्या विहाराविहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते, प्रवचने होतात. वक्ते बहुधा आपल्यातीलच असतात. कोणी शिक्षक, कोणी बँकेतील कर्मचारी, कोणी श्रामणेर शिबिरातून नुकताच परतलेला तरुण. त्यांच्या तळमळीविषयी आम्हांस शंका नाही. परंतु दिवसभर मोलमजुरी करून, घरचा स्वयंपाक उरकून विहारात आलेली उपासिका दोन तासांनी उठते, तेव्हा धम्मातील नेमके काय तिच्या पदरी पडलेले असते, हा प्रश्न आम्हांस अलीकडे वारंवार पडू लागला आहे. वक्तृत्व ही उपजत देणगी आहे, असे म्हणून तो टाळता येत नाही. ती शिकण्याची विद्या आहे आणि तिचे नियम खुद्द तथागतांनी सांगितलेले आहेत.

अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात उदायी सुत्त आहे. कोसंबीच्या घोषितारामात भिक्खू उदायी मोठ्या गृहस्थ-परिषदेसमोर धम्म सांगत असल्याचे आनंदांनी भगवंतांना कळविले. तेव्हा भगवंतांनी कौतुक करण्यापूर्वी, इतरांना धम्म सांगणे सोपे नाही, याची जाणीव दिली आणि वक्त्याने पाळावयाच्या पाच गोष्टी सांगितल्या. विषय क्रमाक्रमाने मांडावा. प्रत्येक विधानाचे कारण दाखवावे. श्रोत्यांविषयीच्या अनुकंपेने बोलावे. लाभाच्या आशेने बोलू नये. आणि स्वतःला वा दुसऱ्याला न दुखविता बोलावे.

यांपैकी पहिल्या दोन गोष्टी तयारीच्या आहेत. क्रम आणि कारण व्यासपीठावर उभे राहिल्यावर सुचत नाहीत. ते घरी, कागदावर ठरवावे लागतात. बाबासाहेबांचे उदाहरण या बाबतीत डोळ्यांसमोर ठेवावे. 1936 साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी त्यांनी अध्यक्षीय भाषण संपूर्ण लिहून सिद्ध केले. मंडळाला त्यातील मजकूर मानवला नाही. बाबासाहेबांनी तो बदलण्यास नकार दिला आणि अधिवेशन झालेच नाही. तेच भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. ते लिहिलेले होते म्हणूनच, न झालेले भाषण आज जगभर वाचले जाते. दुसरे उदाहरण 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणाचे. आदल्या दिवशी दीक्षा झाली होती. समोर अफाट जनसमुदाय होता. तरीही भाषणाच्या आरंभीच्या भागात त्यांनी, दीक्षेसाठी नागपूरच का निवडले, या लोकांच्या मनातील साध्या प्रश्नाचे उत्तर दिले. श्रोत्याच्या मनात आधीच असलेल्या प्रश्नापासून प्रारंभ करणे, यालाच आम्ही क्रम म्हणतो.

पाचव्या गोष्टीविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. इतरांच्या देवदेवतांची टिंगल केली की टाळ्या हमखास पडतात, हे आपल्या वक्त्यांना ठाऊक झाले आहे. बाबासाहेबांची चिकित्सा कठोर होती, पण ती ग्रंथांच्या आधाराने आणि युक्तिवादाने चालत असे. टिंगलीला अभ्यास लागत नाही. अर्धा तास टिंगलीत गेला, की अष्टांगिक मार्गासाठी पाच मिनिटे उरतात आणि तीही घड्याळाकडे पाहत संपतात.

आता व्यासपीठाकडे वळू. मज्झिम निकायातील सेख सुत्तात एका सभेची सिद्धता तपशिलाने आली आहे. कपिलवत्थूच्या शाक्यांनी नवे सभागृह बांधले होते. भगवंत येण्यापूर्वी त्यांनी सर्वत्र बिछायत घातली, आसने मांडली, पाण्याचा रांजण ठेवला, तेलाचा दिवा लावला. भगवंत मधल्या खांबाशी पूर्वाभिमुख बसले. भिक्खुसंघ त्यांच्या पाठीमागे पश्चिमेच्या भिंतीशी, तर शाक्य समोर पूर्वेच्या भिंतीशी बसले. बैठक, पाणी, उजेड आणि वक्त्याचे तोंड सर्वांना दिसेल अशी रचना, एवढेच त्यात आहे. सत्काराचा उल्लेखही नाही!

आमच्याच एका कार्यक्रमाचा अनुभव सांगतो. वेळ सायंकाळी सातची होती. वंदना, त्रिसरण-पंचशील वेळेवर झाले. नंतर हारतुरे, परिचय, प्रास्ताविक असे करीत प्रमुख वक्त्याच्या हाती ध्वनिक्षेपक आला तेव्हा साडेनऊ वाजले होते. लहान मुले मांडीवर झोपली होती, बाया उठू लागल्या होत्या, आणि दहाला ध्वनिक्षेपक बंद करणे भाग होते. दोष वक्त्याचा नव्हता. आम्हा संयोजकांचा होता. त्यानंतर आम्ही सर्वांचे स्वागत एकाच पुष्पाने आणि एकाच वाक्यात करू लागलो.

ध्वनिक्षेपकाची तपासणी श्रोते येण्यापूर्वी करावी. कर्णे वक्त्याच्या मागे ठेवले की त्यांचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि शिटी वाजते. ते माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत. माईक तोंडापासून साधारण वीतभर असावा. वक्त्याच्या मागे प्रखर दिवा असल्यास चेहरा काळा दिसतो. पाण्याचा पेला हाताशी, पण कागदांपासून दूर असावा. आणि व्यासपीठावर बसलेल्या मान्यवरांनी, वक्ता बोलत असता, आपसांत कुजबुजू नये. शाक्यांच्या सभागृहात भिक्खुसंघही पाठीमागेच बसला होता.

नवे वक्ते कसे घडवावेत, हेही त्याच सुत्तात सापडते. रात्रीचा बराच काळ धम्म सांगून झाल्यावर भगवंतांनी, पाठ दुखत असल्याचे सांगून, पुढील विवेचन आनंदांवर सोपविले. ते स्वतः उजव्या कुशीवर पहुडले, पण निघून गेले नाहीत. आनंदांचे बोलणे संपताच उठून बसले आणि त्यांनी साधुकार दिला. आपल्याकडे मात्र ज्येष्ठ वक्ते स्वतःचे भाषण आटोपले की दुसऱ्या कार्यक्रमाला निघतात आणि नवखा बोलतो तो रिकाम्या खुर्च्यांपुढे.

भिक्खुणी धम्मदिन्ना धम्मकथिकांमध्ये अग्र मानल्या गेल्या. आपल्या विहारांतील मुलींच्या वाट्याला मात्र बहुधा स्वागतगीत येते. त्यांच्यापैकी एकीला ग्रंथातील एक प्रकरण आठवडाभर आधी द्यावे, ते स्वतःच्या शब्दांत लिहून आणावयास सांगावे, दोनदा मोठ्याने म्हणवून घ्यावे आणि पौर्णिमेला दहा मिनिटे द्यावीत. भाषणाचा उंच मेज मोठ्यांच्या मापाने केलेला असतो. त्यामागे तिचे केवळ केसच दिसतात. एक पाट तेथे आधीच आणून ठेवावा.