सभेस परवाना कोणाचा ?

लोकांनी एकत्र जमून बोलण्यापूर्वी सरकारची परवानगी काढावी, हा नियम वरवर पाहता निरुपद्रवी दिसतो. दुकानास परवाना लागतो, मग सभेस का नको, असे आमचे काही व्यापारी मित्र विचारतात. दुकानाचा परवाना देणारा त्या दुकानाचा प्रतिस्पर्धी नसतो. सभेत मात्र ज्याच्या कारभाराची झडती व्हावयाची, तोच परवाना देणारा! ह्या मित्रांस आम्ही मडगावचे स्मरण देतो.

गोव्यात पोर्तुगीज अंमल असताना सरकारी अनुमतीवाचून जाहीर सभा भरविणे हा गुन्हा होता. १८ जून १९४६ रोजी भर पावसाळ्यात मडगावी लोक जमले. डॉ. राममनोहर लोहिया विश्रांतीसाठी असोळणा येथे डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या घरी उतरले होते. ते दोघे सभास्थानी आले. अधिकाऱ्याने पिस्तूल रोखले, लोहियांनी तो हात बाजूस सारला. दोघांसही अटक झाली. भाषण किती झाले, ह्यास आमच्या मते फारसे महत्त्व नाही. परवाना न मागता, दिवसाढवळ्या, सर्वांदेखत बोलावयास उभे राहणे हीच तेथील खरी घटना. चोर कायदा मोडतो तो लपून. सत्याग्रही मोडतो तो आपले नाव सांगून व शिक्षेस सिद्ध राहून. निदान वकीलवर्गास तरी हा भेद उमगला पाहिजे.

मात्र किंमत कोणी मोजली, तेही पाहावे. लोहियांस लवकरच सोडून सरहद्दीपार करण्यात आले. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा हे गोव्याचेच. त्यांस त्याच वर्षी लष्करी न्यायासनाने ८ वर्षांची सजा ठोठावली आणि पोर्तुगालात पेनिशच्या किल्ल्यात धाडले. पाहुण्याचे गुणगान करताना घरच्या माणसाची ही सजा आमचे लेखकबंधू सहसा विसरतात.

परवान्याचा प्रश्न पोर्तुगीजांबरोबर गेला नाही. १९५० च्या राज्यघटनेने निःशस्त्र व शांतपणे जमण्याचा हक्क दिला. तरीही रस्त्यावरील सभेस होय म्हणावे की नाही, हे पोलीस अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम अहमदाबादेत चालू होता. १९७२ साली हिंमतलाल शहा यांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दबातल ठरविला. रहदारीसाठी नियमन करावे, पण हक्क कोणाच्या निरंकुश लहरीवर टांगू नये, असा त्या निकालाचा आशय. आमच्या वाचकांपैकी कोणाचा सभेचा अर्ज नामंजूर झाल्यास त्यांनी कारण लेखी मागावे व त्याची नक्कल आम्हांकडे धाडावी. आम्ही ती छापू.