पीअरला सत्कार नको, मत हवं

गैरसमज : पीअरनं वस्तीत जावं, माणसं जोडावीत. संस्थेचं धोरण ठरवणं हे शिकलेल्यांचं काम.

एचआयव्ही प्रतिबंधाच्या बैठकांत हे इतक्यांदा कानावर येतं की आता ऐकून घेववत नाही. बोलणारे भले असतात. आपल्याच समूहात काम करणाऱ्या पीअरचं त्यांना कौतुक असतं, तिला शाल-श्रीफळही देतात. बजेट निघालं, की मात्र तिला बाहेर बसवतात.

वस्तुस्थिती : या क्षेत्रातलं देशातलं सर्वांत गाजलेलं धोरण पीअरच्याच अनुभवातून घडलं. 1992 साली कोलकात्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनाच पीअर म्हणून उभं केलं. काम कंडोमचं होतं. पण अडचण माहितीच्या अभावाची नाही, हे त्या बायकांमुळे कळलं. डोक्यावर सावकाराचं कर्ज आणि दारात पोलीस व गुंड असताना गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं कुणाच्या बळावर? मग कामाची दिशाच बदलली. 1995 मध्ये ‘दुर्बार’ ही त्यांची संघटना आणि ‘उषा’ ही पतसंस्था उभी राहिली. 1999 पासून प्रकल्पाचा कारभार दुर्बारकडे आला. आपल्याकडे सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेच्या कामातून 1996 मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली, ती याच वाटेनं. याला धोरण म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

धोरण ठरवण्याचा हा अधिकार कौतुकातून मिळत नाही. त्याला चार गोष्टी लागतात.

मत : 1983 साली अमेरिकेत डेन्व्हरमध्ये एड्सग्रस्तांनी जाहीरनामा काढला, तेव्हाच सेवा देणाऱ्या संस्थांच्या संचालक मंडळांवर जागा मागितल्या होत्या. सल्लागार समितीत सल्ला देता येतो, ठराव अडवता येत नाही.

माहिती : राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) प्रकल्पांत साधारण 60 स्त्रियांमागे एक पीअर असते. कुणाला धोका जास्त, कोण वस्ती सोडून गेली, हे तिच्या नोंदींत असतं. त्या नोंदी नुसत्या अहवालासाठी वर गेल्या तर ती कारकून ठरते. त्यांचा अर्थ तिनंच बैठकीत मांडला आणि त्यावरून पुढच्या महिन्याचं काम ठरलं, तर निर्णय तिचा होतो.

पैसा : बजेट मराठीत, बैठकीच्या आधी तिच्या हातात पडलं पाहिजे. खर्चाचे आकडे कळल्याशिवाय मताला वजन येत नाही.

पाठबळ : संचालकानं नेमलेली पीअर संचालकाला जपते. समूहानं निवडलेली समूहाला जाब देते.

आता बाकीचे गैरसमज.

‘एक प्रतिनिधी घेतला, झालं.’ – एकटीचा आवाज दबतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 सुद्धा केंद्रीय मानसिक आरोग्य प्राधिकरणावर मानसिक आजार अनुभवलेल्यांचे दोन प्रतिनिधी घ्यायला सांगतो.

‘पीअरच्या कामाला पुरावा नाही.’ – मानसिक आरोग्य सेवांबद्दलच्या 11 चाचण्यांचा आढावा वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रन संस्थेनं 2013 मध्ये घेतला. तशाच भूमिकेतल्या व्यावसायिकांच्या तुलनेत पीअरच्या कामाचे परिणाम ना सरस निघाले, ना कमी.

‘त्यांना हिशेब जमत नाही.’ – ‘उषा’चा कारभार वेश्याव्यवसायातल्या स्त्रियाच पाहतात.

‘ही सेवा आहे, पगार कशाला?’ – मग संचालकांनाही सेवाभावावरच ठेवा.

‘पीअर कायम पीअरच राहणार.’ – संस्थेनं वरची पायरी ठेवलीच नाही, तर दुसरं काय होणार? आउटरीच वर्कर, प्रकल्प व्यवस्थापक, विश्वस्त हा रस्ता नियमावलीत लिहून ठेवा.

विश्वस्तांना एकच सांगणं आहे. पुढच्या सभेत घटनादुरुस्तीचा ठराव आणा : कार्यकारी मंडळावर पीअरमधून निवडून आलेले किमान दोन सदस्य, पूर्ण मताधिकारासह. त्यापेक्षा कमी काहीही दिलंत, तर त्याला सहभाग म्हणू नका.