पाळीव पोपटाची बसण्याची व झोपण्याची जागा

पाळीव पोपटाच्या पिंजऱ्यातील बसण्याची दांडी आणि रात्री झोपण्याची जागा हे पक्षिपालनातील मूलभूत घटक आहेत. पिंजऱ्यातील पोपट दिवसाचा बहुतेक काळ पायांवर उभा असतो आणि झोपतोही उभ्यानेच. त्यामुळे दांडी ही त्याची जमीनही असते आणि अंथरूणही. अयोग्य दांडीमुळे होणारी इजा हळूहळू वाढते व बहुधा उशिरा लक्षात येते.

महाराष्ट्रात बजरीगर, कॉकाटील आणि लव्हबर्ड हे विदेशी पोपट घरोघरी आढळतात. 'राघू' या नावाने ओळखला जाणारा देशी कंठवाला पोपट मात्र कायद्याने संरक्षित असून तो पाळता येत नाही. पुढील माहिती अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील झाडे, हवामान आणि घरे यांच्या संदर्भात दिली आहे.

पायाची रचना आणि नैसर्गिक सवयी

पोपटाच्या प्रत्येक पायाला चार बोटे असतात. त्यांपैकी दोन पुढे व दोन मागे वळलेली असतात. या रचनेमुळे फांदी घट्ट पकडता येते, तसेच दाणा किंवा फळ पायात धरून खाता येते. झाडावरच्या फांद्या कोठे जाड, कोठे बारीक, कोठे वाकड्या असतात. पक्षी जागा बदलत राहतो तसा तळव्यावरील भारही निरनिराळ्या ठिकाणी पडतो.

राघू ढोलीत घरटे करतो. परंतु विणीच्या हंगामाखेरीज तो सहसा थव्याने फांद्यांवर रात्र काढतो. थव्याच्या या मुक्कामाला रातथारा म्हणतात. वड, पिंपळ, कडुनिंब अशा मोठ्या झाडांवर सूर्यास्ताच्या सुमारास राघूंचे थवे कलकलाट करीत उतरतात आणि अंधार पडताच शांत होतात. उंची, दाट आडोसा, सोबत आणि पूर्ण अंधार या चार गोष्टींमुळे पक्ष्याला सुरक्षित वाटते. पिंजऱ्यातील झोपेची जागा ठरवताना याच गोष्टींचा विचार केला जातो.

दांडीची जाडी

पक्ष्याच्या बोटांनी दांडीच्या घेराचा सुमारे दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भाग वेढावा, असा सर्वसाधारण नियम आहे. पुढची व मागची बोटे एकमेकांवर येत असतील तर दांडी बारीक असते. बोटे सपाट पसरत असतील तर ती जाड असते. बजरीगरासाठी साधारण १ ते १.५ सेंटिमीटर, कॉकाटीलसाठी १.५ ते २ सेंटिमीटर आणि आफ्रिकन करड्या पोपटासाठी २.५ ते ३.५ सेंटिमीटर व्यासाची दांडी योग्य ठरते.

एका पिंजऱ्यात निरनिराळ्या जाडीच्या किमान दोन-तीन दांड्या असणे आवश्यक असते. पिंजऱ्यासोबत मिळणारी प्लास्टिकची किंवा रंधून गुळगुळीत केलेली एकसारखी दांडी एकमेव असेल, तर तळव्याच्या त्याच बिंदूंवर सतत भार पडतो. तेथील कातडी प्रथम गुळगुळीत व लालसर होते, नंतर घट्टा पडतो आणि अखेरीस जखम होऊन जंतुसंसर्ग होतो. या विकाराला बंबलफूट म्हणतात. अतिवजन आणि जीवनसत्त्व 'अ'ची कमतरता यांमुळे तो बळावतो. नखे झिजावीत म्हणून दांडीला वाळूचा कागद गुंडाळण्याची पद्धतही तळव्यासाठी घातक आहे.

लाकडाची निवड

कडुनिंब, पेरू, जांभूळ, शेवगा आणि काटे काढलेली बाभूळ यांच्या फांद्या वापरता येतात. शेवग्याचे लाकूड मऊ असल्याने पोपट ते लवकर कुरतडतो. ती त्याची नैसर्गिक गरज असल्यामुळे दांडी वेळोवेळी बदलावी लागते. जिल्ह्यातील राहाता परिसर पेरूच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. छाटणीत निघालेल्या पेरूच्या फांद्या टणक व वेड्यावाकड्या असल्याने दांडीसाठी उपयुक्त असतात. मात्र बागेत कीटकनाशकांची फवारणी होत असल्यामुळे अशी फांदी घेणे टाळले जाते. फवारणी न केलेल्या परसातील झाडाची फांदी अधिक सुरक्षित असते. कोणतीही फांदी स्वच्छ पाण्याने घासून धुतली जाते व कडक उन्हात पूर्ण वाळवूनच पिंजऱ्यात बसवली जाते.

कण्हेर, रुई, शेर, धोतरा आणि घाणेरी या वनस्पती विषारी असल्याने त्यांच्या फांद्या वर्ज्य आहेत. दोरीची दांडी पायांना मऊ वाटते. परंतु तिचे सुटलेले धागे बोटांत अडकून रक्तप्रवाह थांबू शकतो.

दांड्यांची मांडणी

पोपट झोपण्यासाठी बहुधा सर्वांत उंच दांडी निवडतो. ती पिंजऱ्याच्या छतापासून इतकी खाली असावी लागते, की पक्ष्याला मान ताठ करून उभे राहता येईल आणि शेपूट जाळीला घासणार नाही. खाण्यापिण्याच्या भांड्यांच्या थेट वर दांडी असल्यास त्यांत विष्ठा पडते. वृद्ध, आजारी किंवा पायाने अधू पक्ष्यासाठी खालच्या बाजूस सुती कापडाने मढवलेली रुंद फळी दिली जाते.

झोपेची जागा

पोपटाला दररोज सुमारे १० ते १२ तास अखंड झोप लागते. दूरचित्रवाणी संच असलेल्या खोलीत रात्री उशिरापर्यंत जाग राहिल्यास झोप तुटते. पक्षी चिडचिडा होतो, पिसे उपटू लागतो. एका पायावर उभे राहून चोच पाठीच्या पिसांत खुपसणे ही निरोगी झोपेची खूण आहे. दिवसा दोन्ही पायांवर पिसे फुगवून गुंगीत बसणे हे बहुधा आजाराचे लक्षण असते.

पिंजरा भिंतीला टेकवल्यास पक्ष्याला आडोसा मिळतो. रात्री हवा खेळती राहील असे सुती कापड तीन बाजूंनी टाकले जाते. कॉकाटील अंधारात दचकून पिंजऱ्यात धडपडतात. अशा वेळी नव्याने उगवणारी, रक्त भरलेली पिसे तुटून रक्तस्राव होतो. त्यांच्यासाठी मंद दिवा ठेवणे हिताचे असते. झोपण्यासाठी घरट्याची पेटी दिल्यास मादी वारंवार अंडी घालते आणि अंडे अडकून दगावू शकते.

स्वयंपाकघर ही झोपेची जागा नव्हे. अतितापलेल्या नॉनस्टिक भांड्यांतून निघणारी वाफ पोपटाला काही मिनिटांत मारू शकते. देवघरातील धूप-उदबत्ती व डासांची कॉइल यांचा धूरही त्याच्या नाजूक श्वसनसंस्थेला अपायकारक असतो.

स्थानिक हवामान

जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. एप्रिल-मे महिन्यांत तापमान अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. पत्र्याच्या छपराखाली उष्णता साठत असल्याने टांगलेला पिंजरा तेथे धोक्याचा ठरतो. चोच उघडी ठेवून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे ही उष्माघाताची पूर्वचिन्हे आहेत. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री पिंजरा ओसरीतून आत घ्यावा लागतो. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात पावसाळ्यात दमटपणामुळे दांडीला बुरशी येते. तेथे दोन संच ठेवून ते आलटून-पालटून वाळवणे सोयीचे असते. अंगणात टांगलेल्या पिंजऱ्याला मांजर व साप यांचा धोका असतो.

देशी पोपट आणि कायदा

कंठवाला पोपट, करण पोपट इत्यादी देशी पोपटांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे. तरीही ढोलीतून काढलेली पिल्ले विकली जातात. आंतरराष्ट्रीय सायटीस करारात समाविष्ट असलेल्या आफ्रिकन करड्या पोपटासारख्या विदेशी प्रजाती पाळणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते.

अनेक वर्षे पिंजऱ्यात राहिलेला राघू एकाएकी सोडून दिल्यास बहुधा जगत नाही. त्याचे उडण्याचे बळ कमी झालेले असते आणि अन्न शोधण्याची व शत्रू ओळखण्याची सवय त्याला नसते. म्हणून असा पक्षी, तसेच वादळात पडलेले पिल्लू, वन विभागाकडे सोपवणे हाच योग्य मार्ग आहे. तोपर्यंत छिद्रे पाडलेल्या खोक्यात तळाशी जुने सुती कापड घालून, सुमारे २ सेंटिमीटर जाडीची फांदी तळाजवळ आडवी बसवून आणि खोके शांत, अंधाऱ्या जागी ठेवून त्याची तात्पुरती सोय करता येते.