नऊ रात्रींचं गाणं, बारा महिन्यांचं गाव

आश्विन लागला की मिरजेची संध्याकाळ अंबाबाईच्या देवळाकडे वळते. घटस्थापनेपासून नवमीपर्यंत देवळाच्या आवारात रोज रात्री शास्त्रीय संगीताची मैफल होते. तिकीट नाही. गायक-वादक इथे देवीसमोर सेवा रुजू करतात आणि गाव समोर बसून ऐकतं. आरती आटोपून आलेल्या बायका, दुकान बंद करून आलेले व्यापारी, दवाखान्यातली ड्यूटी संपवून आलेल्या नर्सा, क्लासला जाणारी पोरं, आणि मागच्या बाजूला हात बांधून उभी असलेली दोन-चार माणसं. ही मागची माणसं तबल्यावर किंवा तानेवर मान डोलावत नाहीत. त्यांचं लक्ष तंबोऱ्यांकडे असतं, कारण ते तंबोरे त्यांनी केलेले असतात.

मिरजेचा नवरात्र संगीत महोत्सव समजून घ्यायचा तर सुरुवात या माणसांपासून करायला हवी. संगीत महोत्सव आता पुष्कळ शहरांत होतात. मंडप, दिवे, प्रायोजक आणि मोठी नावं जमवली की तीन दिवस साजरे होतात, चौथ्या दिवशी मैदान रिकामं होतं. मिरजेत नवमीला मैफली संपल्या तरी गाणं संपत नाही. वाद्यं करणारे, गाणं शिकवणारे, परीक्षा घेणारे आणि ऐकणारे सगळे याच गावात राहतात. नऊ रात्री ते एकमेकांसमोर येतात, एवढंच.

तसं मिरज हे जंक्शनचं आणि दवाखान्यांचं गाव. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूरकडचे लोहमार्ग इथे मिळतात. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशनचं रुग्णालय सुरू केलं आणि दक्षिण महाराष्ट्र-उत्तर कर्नाटकातले रोगी मिरजेची वाट धरू लागले. १९९८ पासून सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका आहे, पण मिरजकर स्वतःला मिरजकरच म्हणवतो.

या गावाच्या संगीताचा इतिहासही आजारपणाशी जोडलेला आहे. विष्णू दिगंबर पलुस्कर १८७२ साली जवळच्याच कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी फटाक्याच्या स्फोटात त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि उपचारासाठी त्यांना मिरजेला आणलं. दृष्टी पूर्ववत झाली नाही. शाळेची पुस्तकं वाचणं अवघड झालं, तेव्हा गाण्याचा मार्ग सुचवला गेला. मिरज संस्थानचे अधिपती पटवर्धन यांचा आश्रय मिळाला आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची तालीम सुरू झाली. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे ते हेच बुवा. १८९६ मध्ये पलुस्कर मिरज सोडून निघाले आणि १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजदरबार आणि घराण्यांच्या भिंतींआड असलेलं गाणं फी भरून, वर्गात बसून, मुलामुलींना शिकता येईल असं केलं. आयुष्याच्या शेवटी ते पुन्हा मिरजेला आले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी इथेच त्यांचं निधन झालं.

त्यांच्या शिष्यांनी त्याच वर्षी उभं केलेलं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ मिरजेचं नाव देशभर घेऊन गेलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही परीक्षांची उतरंड ज्यांनी चढली, त्यांना मिरज हे नाव प्रमाणपत्रावरून आधी भेटलं. मंडळाच्या परीक्षांचं हिवाळी सत्र दिवाळीनंतरच्या दिवसांत येतं. त्यामुळे शरद ऋतूतले शनिवार-रविवार मिरजेच्या क्लासांमध्ये विशेष गजबजलेले असतात. पोरं ताना घोटतात, ठेके हातावर म्हणतात, रागाची माहिती पाठ करतात आणि रात्री देवळात तोच राग मोठ्या कलावंताकडून ऐकतात. सकाळी पाठ केलेले आरोह-अवरोह रात्री कानासमोर उलगडतात. याहून चांगली शिकवणी कोणती असणार?

आता वळू सतारमेकर गल्लीकडे. मिरजेची तंतुवाद्यं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सुरू झाली. फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे कारागीर. संस्थानांच्या फौजा गेल्या, हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही. गावात मात्र गवयांची ये-जा होती, त्यांची वाद्यं मोडत होती आणि दुरुस्तीला माणूस नव्हता. फरीदसाहेबांनी ती दुरुस्त करता करता नवी करायला घेतली. पुढे हेच घराण्याचं काम झालं, आडनावं सतारमेकर झाली आणि गल्लीला नाव पडलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

तंबोऱ्याचं काम शेतातून सुरू होतं. त्याचा भोपळा खायचा नव्हे. तो कडू, जाड सालीचा आणि मोठ्या घेराचा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे शेतकरी तो मुद्दाम पिकवतात. वाळून खडखडीत झालेले भोपळे मिरजेला येतात आणि गल्लीत छपरापर्यंत रचले जातात. कारागीर प्रत्येकाला बोटाने टिचकी मारून, घेर पाहून, साल कुठे जाड कुठे पातळ याचा अंदाज घेऊन निवडतो. निवडलेला भोपळा तोंडाशी कापायचा, पाण्यात भिजवायचा, आतला वाळका गर आणि बिया खरवडून काढायच्या, मऊ झाला की आत काठ्यांचा ताण देऊन आकार नीट करायचा आणि पुन्हा वाळवायचा. मग लाकूडकाम. तुनीच्या लाकडाचा गळा, पोकळ दांडी, आणि भोपळ्याच्या तोंडावर बसणारी पातळ, किंचित फुगीर तबली. तबलीची जाडी चुकली तर आवाज बसतो. जोडावर लाकडाची पानं कोरून लावतात, ती शोभेलाही असतात आणि सांधा पक्का करायलाही. नंतर नक्षी, पॉलिश, खुंट्या, मणी, तारा.

एवढं झालं तरी तंबोरा अजून मुकाच असतो. त्याला बोलतं करते ती जवारी.

तबलीवर बसवलेल्या घोडीवरून चार तारा जातात. घोडी पूर्वी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असे, आता हाडाची, आबनुसाची किंवा फायबरची असते. तिचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण त्याला डोळ्यांना कळू नये इतका उतार दिलेला असतो. छेडलेली तार त्या उतारावर सारखी टेकते आणि सुटते. त्या स्पर्शातून मूळ स्वराबरोबर त्यातले वरचे स्वर जागे होतात. खर्जाच्या तारेतून कुणी न लावलेला गंधार ऐकू येतो तो असा. कारागीर कानशीने घोडी घासतो, फुंकर मारतो, तार लावतो, छेडतो, ऐकतो, तार सोडतो आणि पुन्हा घासतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती धागा सरकवतो. धागा केसभर मागे गेला तर स्वर बंद होतो, केसभर पुढे आला तर चिरका होतो. मधल्या एका जागी तार अचानक खुलते आणि सगळी खोली भरून जाते. ती जागा मोजपट्टीने सापडत नाही. तिथे पोचायला कान लागतो, आणि तो कान ऐकूनच तयार होतो.

म्हणूनच मैफल आणि कारखाना मिरजेत वेगळे काढता येत नाहीत. पुरुष गायकाचा तंबोरा मोठा आणि काळी एक-दोनच्या आसपास लागणारा, स्त्रियांचा लहान आणि बराच वरचा. मालकंसात पंचम नाही, म्हणून पहिली तार मध्यमावर घ्यायची. मारव्यात ती निषादावर जाते. हे सगळं कारागिराला ठाऊक असावं लागतं, आणि ते त्याने मैफलींत बसून, गवयांच्या शेजारी उभं राहून शिकलेलं असतं. पावसाळ्यात दमट हवेने लाकूड आणि भोपळा दोन्ही नाठाळ होतात. पाऊस ओसरला की जवारीची कामं वाढतात आणि नेमक्या त्याच वेळी नवरात्र येतं. गल्लीत दिवसा जुळवलेली तंबोऱ्याची जोडी रात्री देवळात गायकाच्या मागे उभी राहते. जोडीतला एक जरी केसभर उतरला तरी मागे उभ्या असलेल्या माणसाच्या कपाळाला आठी पडते.

गावाच्या गाण्याचं दुसरं ठाणं म्हणजे ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ जन्मले १८७२ साली उत्तरेतल्या कैराना इथे, पण त्यांचं घर झालं मिरज. प्लेगच्या काळात ते आजारी पडून दर्ग्याच्या आश्रयाला आले आणि बरे झाले, असं मिरजेत सांगतात. तेव्हापासून या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा जडली. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींचा शोध घेत होते तेव्हा त्यांना खाँसाहेबांच्या गळ्याची साथ मिळाली. वाद्यदुरुस्तीतही खाँसाहेब तरबेज होते. गायक आणि कारागीर यांच्यातली भिंत त्यांच्यापुरती नव्हतीच. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर १९०५ मध्ये मिरजेतच जन्मल्या. शिष्य रामभाऊ कुंदगोळकर सवाई गंधर्व झाले, आणि त्यांच्याकडून ही गायकी भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल यांच्यापर्यंत पोचली. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीच्या वाटेवर असताना प्रकृती बिघडल्याने खाँसाहेब सिंगपेरुमाळकोइल स्थानकावर उतरले आणि तिथेच त्यांनी प्राण सोडला. त्यांचा देह मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केला.

दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मृतीची संगीत सभा होते. उरूस हिजरी कालगणनेने येतो, त्यामुळे इंग्रजी तारखांच्या हिशेबात दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. नवरात्र मात्र शरदातच. म्हणजे मिरजेला वर्षातून दोनदा देवासमोर बसून गाणं ऐकायला मिळतं, एकदा देवळात आणि एकदा दर्ग्यात. दोन्हीकडे वाजणारा तंबोरा एकाच गल्लीतला. सलोख्यावर भाषणं करायची वेळ या गावावर येऊ नये म्हणून एवढी सवय पुरेशी ठरावी, असं मला मनापासून वाटतं.

दसरा झाला की शरदाची पालखी पलीकडे सांगलीला जाते. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांसमोर ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, म्हणून तो दिवस मराठी रंगभूमी दिन. सांगलीत त्या दिवशी भाव्यांच्या नावाचं पदक दिलं जातं. नाटकातही मिरजेचा वाटा आहे. १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत बालगंधर्व शकुंतला होऊन पहिल्यांदा उभे राहिले ते मिरजेच्या रंगमंचावर. घटस्थापनेपासून रंगभूमी दिनापर्यंत या जोडगावांत गाणं आणि नाटक हातात हात घालून चालतं.

हे सगळं टिकून आहे, पण ते आपोआप टिकणार नाही. फोनमधला तंबोरा फुकट मिळतो, कधी उतरत नाही, प्रवासात फुटत नाही. रियाजाला तो सोयीचा आहे, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याच्यामुळे घरोघरचे तंबोरे गवसणीत बंद झाले आणि दुरुस्तीची कामं कमी झाली. कारागिराच्या मुलाला शिकून नोकरी मिळत असेल तर त्याने कानस हातात का धरावी, या प्रश्नाला मानांकन एकट्याने उत्तर देऊ शकत नाही. जो शेतकरी भोपळा लावतो त्याच्या रानात ऊसही येऊ शकतो. भोपळ्याला भाव मिळाला नाही तर तो ऊसच लावेल. आणि भोपळाच नसेल तर जवारी कशाची काढणार?

उत्तर महोत्सवातच आहे, असं मला वाटतं. मिरजेत ऐकणाऱ्यांची परंपरा आहे म्हणून करणाऱ्यांची परंपरा टिकली. गावातल्या मुलाने लहानपणी आईच्या मांडीवर बसून नऊ रात्री खरा तंबोरा ऐकला असेल, तर मोठेपणी त्याला फोनमधल्या सुरात काय कमी आहे ते कळतं. असा कान असलेली माणसं जितकी जास्त, तितकं त्या गल्लीत काम जास्त. म्हणून ज्या गावांना आपला महोत्सव सुरू करायचा आहे, त्यांनी मोठ्या नावांची यादी करण्याआधी आपल्या गावात वाद्य कोण दुरुस्त करतं, गाणं कोण शिकवतं, शनिवारी-रविवारी पोरांना बसायला जागा कुठे आहे, हे आधी शोधावं. ती माणसं सापडली तर महोत्सवाला पाया आहे. नसतील तर आधी ती माणसं उभी करावीत, महोत्सव मागाहून झाला तरी चालेल.

आणि ज्यांच्या घरी आजीचा किंवा आत्याचा तंबोरा कोपऱ्यात उभा आहे, त्यांनी यंदा भाद्रपदातच तो मिरजेला न्यावा. जवारी काढायला टाकावी, शक्य असेल तर समोर बसून पाहावी, आणि मजुरीत घासाघीस करू नये. नवरात्रात तंबोरा आणायला जावं तेव्हा एक रात्र मुक्काम करावा आणि देवळाच्या आवारात जागा मिळेल तिथे बसावं. या महोत्सवाला तिकीट नाही, पण आपल्यासारख्यांनी दिलेल्या कामावरच तो चालतो.