पर्वत झिजले, घड्या उरल्या

खटाव तालुक्यात येरळेकाठी वसलेल्या वडूजच्या परिसरातील काळा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनला असून, घड्या पाडणारा मोठा दाब त्यावर न आल्याने त्याचे थर आजही जवळजवळ आडवे आहेत. असा दाब आल्यास खडकांचे काय होते, हे नागपूर-भंडारा भागातील अतिप्राचीन सौसर खडकसमूहात दिसते.

समुद्रतळाशी गाळ साचून, घट्ट होऊन जे थर बनतात त्यांना स्तरित खडक म्हणतात. भूखंडे एकमेकांवर रेटली गेली की, सतरंजी एका टोकाने ढकलावी तसे हे थर दुमडतात. या घड्यांना वली म्हणतात. काही थर खोलवर गाडले जातात आणि तेथील उष्णतेने व दाबाने, खडक न वितळताच, त्यांतील खनिजे नवे स्फटिकरूप घेतात; हेच रूपांतरण होय.

सौसर समूहात अशा रीतीने चुनखडीचा संगमरवर व वालुकाश्माचा क्वार्ट्झाइट झाला, तर चिखलाच्या थरांत अभ्रकाची चपटी पाने दाबाच्या काटकोनात रचली जाऊन पापुद्र्यांचा शिस्ट तयार झाला. मँगेनीजयुक्त गाळापासून बनलेल्या, गार्नेट व क्वार्ट्झ असलेल्या खडकाला भूवैज्ञानिक फर्मर यांनी गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. भारतातील मँगेनीजवरील त्यांचा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला.

सौसरचे थर दुमडून उभे राहिलेले पर्वत केव्हाच झिजून गेले. परंतु मनसर आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगेनीजच्या खाणी आजही त्यांच्याच मुळाशी खोदल्या जात आहेत.